गुरुवारी मी बोलत नाही

सोमवार, ६ जानेवारी १९८६

आजपासून दैनंदिनी. 'सजग जीवन' वर्गाच्या आचार्यांचा तसा आदेशच आहे. मनात येईल ते खरं लिहायचं आणि कुणाला दाखवायचं नाही. पहिल्या पानावर आपली ओळख आपल्यालाच करून द्यायची, त्याने अहंकार गळतो म्हणतात.

तर मी दशरथ घाडीगावकर. वय बावन्न, सरकारी कचेरीत हेडक्लार्क. वडील मालवणहून मुंबईला आले आणि लालबागच्या गिरणीत साच्यावर कापड विणत जन्म काढला. मी पदवीधर झालो आणि मुलुंडला ओनरशिपचा ब्लॉक घेतला. घरात पत्नी नलिनी आणि मुलगी शुभा. शुभा घाटकोपरला बँकेत आहे, ही डायरीही तिच्याच बँकेची. अहंकार म्हणाल तर माझ्यात फारसा नाहीच, त्यामुळे गळायला वेळ लागणार नाही.

या आठवड्याचा धडा असा की घासाचं पाणी होईपर्यंत चावायचं आणि खाण्यापिण्याकडे संपूर्ण लक्ष द्यायचं. सकाळी पोळीभाजी तशी खाल्ली आणि बस चुकली. रात्री बांगड्याचं तिखलं होतं. डोळे मिटून पहिला घास चावत होतो, तर नलिनी म्हणाली, "डोळे उघडा, काटो अडकतलो गळ्यात." ती रागावली किंवा थट्टेवर आली की मालवणीवर उतरते. तिला अजून अध्यात्माची गोडी लागलेली नाही.

गुरुवार, ९ जानेवारी

आठवड्यातून एक दिवस मौन पाळायचं आहे. मी गुरुवार धरला.

कचेरीत दिवसभर एक शब्द बोललो नाही. कामावर काहीही परिणाम झाला नाही. खिडकीवर आलेल्या लोकांनाही काही वेगळं वाटलं नसावं. थोडा वेळ उभे राहिले आणि आपसूक गेले. साहेबांच्या तर लक्षातच आलं नाही.

घरी गरजेपुरती शुभाची शाळेतली पाटी काढून ठेवली आहे. आज तिच्यावर एकदाच लिहिलं, 'आमटीत मीठ कमी.' नलिनीने ते वाचलं आणि ओल्या फडक्याने पुसून टाकलं. मौनाने घरात शांतता नांदते हे अगदी खरं आहे.

रविवार, १२ जानेवारी

वर्गात समतेवर बोलणं झालं. ज्याला जात दिसते त्याला माणूस दिसत नाही, असं आचार्य म्हणाले. मला यात नवीन काही नव्हतं. मी मुळातच जात मानत नाही.

संध्याकाळी त्याचा प्रत्ययही आला. आमच्या सेक्शनमधल्या लताबाई साळवे यांनी भांडुपला नवी जागा घेतली, तिथे सहकुटुंब गेलो. ही मंडळी बौद्ध. भिंतीवर बुद्धाची मोठी तसबीर आणि घर अगदी स्वच्छ. स्वच्छ आहे असं मी तीन-तीनदा बोलूनही दाखवलं. लताबाईंनी पाणी पुढे केलं, पण मला तहान नव्हती. चहा घरून पिऊन निघालो होतो. नलिनी आणि शुभा मात्र पाणीही प्यायल्या आणि चहाही.

येताना नलिनी म्हणाली, "तुम्हांला नेमकी तिथंच तहान लागत नाही."

मी म्हटलं, तहान ही शरीराची गोष्ट आहे, तिला जात नसते. बोलून गेल्यावर वाटलं, हे वाक्य वर्गात सांगण्यासारखं आहे.

गुरुवार, १६ जानेवारी

आज एक चमत्कार झाला. खालच्या मजल्यावरचे जयंतीभाई मसालेवाले पाण्याच्या पंपाचं काहीतरी विचारायला आले. मी ओठांवर बोट ठेवून मौन असल्याचं दाखवलं. ते जायला उठले, पुन्हा बसले आणि हळूहळू आपल्या धाकट्या भावाबद्दल बोलायला लागले. दुकानावरून दोघांचं फाटलं आहे आणि दिवाळीपासून बोलणं नाही. शेवटी माणूस ढसाढसा रडला. मी मान हलवत होतो. उठताना माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "काय सल्ला दिला तुमी दशरथभाई! एकदम झकास. मी उद्याच त्याच्याकडे जाते."

खरं लिहायचं आहे म्हणून लिहितो, त्यांच्या पाठीमागे टीव्ही चालू होता आणि माझं निम्मं लक्ष तिकडे होतं. पण शक्ती आपलं काम करतच असते.

शनिवार, २५ जानेवारी

उद्याची दिल्लीची परेड टीव्हीवर बघायची आणि पडद्यावर आज नुसत्या मुंग्या. शुभाने तिच्या बँकेतला रतन नावाचा मुलगा बोलावला. गच्चीवर चढून त्याने अँटेना फिरवली, मी खिडकीतून ओरडत राहिलो आणि चित्र असं आलं की निवेदिकेच्या साडीची वेलबुट्टी मोजावी. मुलगा गुणी आहे. बोलण्यात आदब, कामात हुशारी. बुद्धिबळाचा एक डाव झाला, त्यात मी जिंकलो. आपलाच उंट त्याने माझ्या तोंडी आणून दिला, एवढीच काय ती त्याची चूक.

"आडनाव काय म्हणालास?" मी विचारलं, तेवढ्यात शुभा चहा घेऊन आली. चहानंतर पुन्हा विचारलं, तर नलिनीला गॅसचा सिलिंडर सरकवून हवा होता आणि तो आत धावला. आडनाव विचारायचं राहूनच गेलं.

गुरुवार, ३० जानेवारी

आज संध्याकाळी घरात बारा माणसं होती. जयंतीभाईंच्या भावाचं आणि त्यांचं जुळलं, ही बातमी सोसायटीभर झाली आहे. मला आता 'मौनीकाका' म्हणतात. वरच्या मजल्यावरच्या सुंदराबाई सतरंजी घेऊनच आल्या. त्यांचा मुलगा दुबईला. तो फोन करतो तो नाक्यावरच्या दुकानात, आणि या धावत पोचेपर्यंत लाइन तुटते. आमच्या इमारतीत एकाकडेही टेलिफोन नाही. माझाच अर्ज नऊ वर्षं पडून आहे.

सगळे गेल्यावर नलिनी म्हणाली, "तुमच्या गप्प बसण्याला एवढी गर्दी. बोलणं ऐकायला कधी कोण आलं होतं का हो?"

मी पाटीवर लिहिलं, 'मत्सर वाईट.'

रविवार, २ फेब्रुवारी

शुभासाठी कणकवलीकडचं स्थळ आलं आहे. आपल्यातलेच आहेत. मुलगा गोदीत नोकरीला, स्वतःची खोली. त्याचे मामा दादरला असतात, त्यांच्याकडून निरोप आला की पुढच्या रविवारी बघायला येतो. अगदी आपल्या रीतीभातीचं घर मिळालं की मुलीला जड जात नाही. यात जातीचा प्रश्न नाही, सवयीचा आहे.

शुभाला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, मला तुम्हांला एक..." मी तिला नीट समजावलं की मुलगा बघण्यात काही बंधन नसतं, आणि मामा सज्जन आहेत, आणि गोदीत पेन्शन असते. माझं सगळं सांगून झाल्यावर ती काही बोलली नाही.

संध्याकाळी जिन्यात सुंदराबाई भेटल्या, त्यांना म्हटलं, "मौनं संमतिलक्षणम्. पोरगी गप्प बसली, म्हणजे होकार." त्यांनी ते तीनदा म्हणून पाठ केलं. असल्या गोष्टी शिकवल्याने वाढतात.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

क्रमाने लिहितो, म्हणजे काही सुटायचं नाही.

नेहमीची मंडळी जमली होती. शुभा बँकेतून आली ती रतनला घेऊन. मला वाटलं पुन्हा अँटेना. पण ती दोघं इतरांसारखीच माझ्या समोर सतरंजीवर बसली.

"बाबा, मला सांगायचंय," शुभा म्हणाली. "हा रतन खंडागळे. घाटकोपरलाच, पंतनगरात राहतो. हे बौद्ध आहेत. आम्हांला लग्न करायचंय, कोर्टात, नोंदणीनं. मी दोन वर्षं सांगायला बघतेय. मी तोंड उघडलं की तुम्ही बोलायला लागता, आणि मग माझं राहतंच. आज तुम्ही बोलणार नाही म्हणून आज आले."

तिचा आवाज कापत होता. लहानपणी ताप चढला की असा कापायचा.

मी पाटी ओढली. पाटी होती, पेन्सिल नव्हती. कोचाखाली बघितलं, उशीमागे बघितलं. नलिनी स्वयंपाकघराच्या दारात बसून गवार मोडत होती, ती मान वर करून बघेना. थांबा, थांबा, म्हणून मी दोन्ही हात उंच केले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो आशीर्वाद वाटला.

जयंतीभाई तेवढ्यात भानावर आले. "पण मुलाचे फादर काय करते?"

"टेलिफोन खात्यात इन्स्पेक्टर आहेत," रतन म्हणाला.

खोलीत क्षणभर माझ्यापेक्षा जास्त मौन झालं. मग सुंदराबाई म्हणाल्या, "घराणं चांगलं दिसतंय गं! आणि काका गप्प आहेत, म्हणजे होकारच. काकांनीच सांगितलं ना परवा. मौनं संमती... काय ते."

मी तोंड उघडू शकत होतो. पण बारा माणसांदेखत मौन मोडायचं? महिनाभराची साधना, लोकांची श्रद्धा, सगळं एका शब्दात मातीला मिळालं असतं. मी ओठ घट्ट मिटून बसलो. ही माझी सत्त्वपरीक्षा होती आणि मी तिच्यात उत्तीर्ण झालो. फक्त मुलगी हातची गेली.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

पहाटेपासून बोलायला मोकळा आहे. शुभा मी उठायच्या आत बँकेत निघून गेली. नलिनी समोर येऊन बसली आणि म्हणाली, "काय ता बोला एकदाचा."

मी म्हटलं, गावी काय सांगायचं? भावकी काय म्हणेल? मी जात मानत नाही, पण लोक मानतात.

"लोक काल इथंच बसले होते," ती म्हणाली. "पेढे कधी विचारून गेले. आणि शुभाच्या पाठीवर कोण आहे, ज्याचं लग्न अडेल?"

"माझा म्हणून काही विचार?"

"तुमचाच केला हो सत्तावीस वर्षं," असं म्हणून ती भाजी टाकायला गेली. पाठोपाठ गेलो, तर पाटीवरची पेन्सिल मसाल्याच्या डब्यात, हळदीच्या वाटीत उभी. ती तिथे कशी गेली हे नलिनीलाही सांगता येईना.

जिन्यात सोसायटीचे सेक्रेटरी भेटले. पाठीवर थाप मारून म्हणाले, "घाडीगावकर, मानलं तुम्हांला. बोलणारे पुष्कळ, करणारा एकच." मी थँक्यू म्हटलं. दुसरं काय म्हणणार? नाही म्हणावं तर विचारतील, मग काल गप्प का बसलात?

संध्याकाळी दादरच्या मामांचा माणूस येऊन सांगून गेला की रविवारी येत नाहीत, नलिनीचं पत्र आजच पोचलं आणि ते सगळं समजले. तिने म्हणे कालच्या प्रकारानंतर लगेच पोस्टकार्ड टाकलं. रात्री टाकलेलं कार्ड सकाळी दादरला. टपाल खातं बरंच सुधारलेलं दिसतं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

मौन. आज कुणाला घरात घेतलं नाही. दाराला आतून कडी.

रविवारी खंडागळ्यांकडे जायचं आहे. शुभाने ठरवून टाकलं. ती या आठवड्यात माझ्याशी कामापुरतं बोलते, आणि बोलून झालं की थांबते, मी काही म्हणेन म्हणून. मी काही म्हणत नाही. रात्री ती बाल्कनीत एकटी उभी होती. पोरगी वाळली आहे. जवळ जावंसं वाटलं, पण गुरुवार होता.

मी उपाय शोधला आहे. तिथे जाऊन उत्तम बोलायचं. समता, तथागत, माणुसकी, सगळ्याचा गौरव करायचा. मग रीतीभातीतला फरक, मुलांना पुढे होणारा त्रास, असं हळूच काढायचं. खंडागळे स्वाभिमानी असणारच, तेच उठून नाही म्हणतील. म्हणजे माझा नकार नाही, शुभाचा राग नाही आणि सोसायटीत मान शाबूत. आचार्य म्हणतातच, कर्तेपण आपल्याकडे घेऊ नये.

रविवार, १६ फेब्रुवारी

घाटकोपरला जाऊन आलो. झालं ते जसंच्या तसं लिहितो.

भाऊराव खंडागळे उंच आणि मितभाषी. मूळ नगरकडचे. त्यांच्या पत्नी कमलताई शाळेत शिकवतात. कोपऱ्यात टेबलावर काळा टेलिफोन, वर क्रोशाचा रुमाल. माझी नजर तिकडे गेली तसे भाऊराव म्हणाले, "टेलिफोनचं तेवढं मला विचारू नका. नंबरानं येईल."

मी विचारलंच नव्हतं. जयंतीभाईंनी विचारायला सांगितलं होतं, ते राहिलं.

कमलताईंनी ट्रेमध्ये पाणी आणलं. मी सवयीने म्हणालो, "नको, निघतानाच प्यायलो." नलिनीने भांडं उचललं, शुभाने उचललं. माझ्यासमोरचं भांडं कमलताईंनी काही न बोलता परत नेलं.

भाऊरावांनी विचारलं, वडील कुठे होते? मी लालबागच्या गिरणीचं नाव सांगितलं, साच्यावर होते म्हटलं. "माझे पण तिथंच," ते म्हणाले. "रिंगखात्यात, सूत काढायला."

"काय सांगता! म्हणजे चांगलीच ओळख असणार दोघांची."

"ओळख कशी होणार? साच्यावर आमची माणसं घेत नव्हते. प्यायच्या पाण्याची पिंपं पण निराळी होती."

"जुने दिवस ते," मी म्हटलं.

"हां," ते म्हणाले. "जुने."

मग मी माझं भाषण सुरू केलं. तथागतापासून आरंभ केला. भाऊराव हलले नाहीत, मध्ये बोलले नाहीत, घड्याळाकडे बघितलं नाही. इतकं मन लावून मला आजवर कुणी ऐकलं नव्हतं. रीतीभातीपर्यंत आलो, मुलांच्या त्रासापर्यंत आलो. ते उठून नाही म्हणतील म्हणून थांबलो. ते म्हणाले, "सगळं ऐकलं. पण तुमचं म्हणणं काय, ते कळलं नाही."

माझी गाडी तिथे अडली. मी म्हणालो, "त्याचं असं आहे, त्या दिवशी माझं मौन होतं. आणि मौन म्हणजे होकार, असं लोकांनी..."

"नाही," भाऊराव म्हणाले. आवाज चढला नव्हता. "ते आमच्याकडं धरत नाहीत. आमची माणसं लई पिढ्या गप्प होती, साहेब. तो काही होकार नव्हता. तुम्ही तोंडानं सांगा. हो तर हो, नाही तर नाही. पोरं शिकलेली आहेत, त्यांचं ती बघतील. पण तुम्ही सांगा."

सगळे माझ्याकडे बघत होते. एकटी शुभा बघत नव्हती. ती मांडीवरच्या पर्सचा बंद बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. प्रगतिपुस्तकावर सही घ्यायला यायची तेव्हा फ्रॉकच्या नाडीचं असंच करायची. कमी गुण असोत की जास्त, उभी राहायची ती अशीच, घाबरून. इतकी वर्षं ही मुलगी मला घाबरते आणि मी समजत होतो की ऐकते.

मी तोंड उघडलं. रविवार होता, बोलायला कसलीच आडकाठी नव्हती, तरी शब्द येईना. जीभ टाळूला चिकटली.

"जरा पाणी मिळेल का?" मी म्हणालो.

कुणी हललंच नाही. मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून मोठ्याने म्हणालो, "पाणी हवं होतं." रतन उठायला लागला, त्याला कमलताईंनी हाताने खाली बसवलं आणि स्वतः आत गेल्या. तांब्याभांडं घेऊन आल्या. मी भांडं तोंडाला लावलं आणि घटाघटा प्यायलो. निम्मं सदऱ्यावर सांडलं. दुसरं मागितलं, तेही प्यायलो. खाण्यापिण्याकडे संपूर्ण लक्ष द्यायचं असतं, ते साफ विसरलो.

बघतो तर नलिनी पदराने डोळे पुसत होती. माझ्या एवढ्या भाषणात तिच्या डोळ्यांत कधी टिपूस आलं नव्हतं. शुभाने पर्सचा बंद सोडून दिला होता आणि माझ्याकडे बघत होती. पाणी प्यायला बघण्यासारखं काय आहे ते मला कळेना.

घसा मोकळा झाला आणि शब्द आपोआप आले. "आमचा होकार आहे," मी म्हणालो. माझ्या मानाने फारच लहान वाक्य झालं. पुढे काही जोडावं म्हणून शोधलं, पण सापडलं नाही.

भाऊरावांनी मान हलवली. "आता कळलं," ते म्हणाले, आणि माझ्या भांड्यात त्यांनीच तिसऱ्यांदा पाणी ओतलं.

स्टेशनवर उतरून घरी चालत येताना शुभा पुढे होती, एकटीच गुणगुणत. नलिनीने मला हळूच विचारलं, "खरंच तहान लागली होती?"

"म्हणजे काय! घसा नुसता सुकला होता माझा."

"लागांदे," ती म्हणाली. "अशीच लागांदे."

ती मालवणीत बोलली, आणि रागावलेली नव्हती, थट्टाही करत नव्हती.